ई-पुस्तकांचं खातं: आधी काय करायचं, मग काय

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी सकाळी मी बसते. पुस्तक बदलायला येणाऱ्यांपेक्षा मोबाइल घेऊन येणारेच हल्ली जास्त. "किंडल उघडत नाही", "आयडी कुठला होता आठवत नाही", "मुलाने गणपतीत आला तेव्हा करून दिलं होतं, आता त्याचा फोन लागत नाही." (किंडल म्हणजे ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं मशीन आणि ॲप.) ऐकून ऐकून एक गोष्ट लक्षात आली. माणसं आधी ॲप उतरवतात, ते मागेल ते देत जातात आणि खातं कुठल्या मेलवर, कुणाच्या नंबरवर उभं राहिलं हे पुस्तक अडकल्यावर शोधतात.

म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. वाचनाचं ॲप पाचव्या पायरीवर येतं. तोवर ते उतरवू नका.

हात घालण्याआधी

तासभर वेळ काढा आणि रेंज मिळते तिथे बसा. हे सांगावं लागतं, कारण आमच्याकडे रेंज खळ्याच्या एका कोपऱ्यात येते आणि वायफाय माजघरात. ओटीपी यायला उशीर झाला की माणूस "पुन्हा पाठवा" तीनदा दाबतो. मग तीन मेसेज एकदम येतात आणि तो पहिला आकडा टाकत बसतो. बहुतेक ठिकाणी शेवटचाच चालतो. चार-पाचदा चुकलं की खातं काही काळ अडकतं. पावसाळ्यात फोन पूर्ण चार्ज करून बसा. लाइट गेली की राउटर गेला, म्हणून मोबाइल डेटाही हाताशी असू दे.

एक वही लागेल, आणि बॉलपेन. शाईचं पेन नको, आषाढातल्या दमट हवेत शाई पसरते आणि एल कुठला नि एक कुठला हे कळत नाही. वही झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, कपाटात. पासवर्ड कागदावर लिहू नये असं लोक सांगतात. ते कार्यालयात टेबलावर चिकटवलेल्या चिठ्ठीबद्दल खरं आहे. गुहागरच्या घरातल्या कपाटापर्यंत परदेशातला चोर येत नाही. घरातल्याच माणसांपासून जपायचं असेल तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल सहाव्या पायरीत.

तिसरी तयारी नंबरची, आणि इथे कोकणात फार घोळ होतो. नंबर तुमच्या नावावरचा आणि पुढेही चालू राहणारा हवा. मुंबईची नोकरी संपवून गावी आलेले कित्येक जण जुनं सिम ड्रॉवरमध्ये टाकतात. बोटीवर जाणाऱ्या मुलांचं तेच, नऊ महिने रिचार्ज नाही. ९० दिवस वापर नसलेलं सिम कंपनी बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. मग तुमच्या खात्याचा ओटीपी त्याच्या हातात.

*तपासा:* वहीत तीन गोष्टी लिहिल्यात का? चालू नंबर, तो कुणाच्या नावावर, आणि खातं कशासाठी हवंय. तिसरीचं उत्तर सुचत नसेल तर पहिली पायरी नीट वाचा.

पायरी १: खातं खरंच हवंय का?

पुष्कळ पुस्तकांना खातं लागतच नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. स्वामित्वहक्क संपलेली इंग्रजी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर नाव न सांगता उतरवता येतात. अशी फाइल वाचायला, सांभाळायला कॅलिबर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतं आणि खातं मागत नाही.

खातं लागतं ते कुलूपबंद पुस्तकांना. ही पुस्तकं दुकानातून विकत घेतलेली किंवा ग्रंथालयातून मुदतीवर आणलेली असतात. फाइल तुमच्याकडे आली तरी ती उघडायची परवानगी खात्यातून मिळते. ॲडोबी डिजिटल एडिशन्स हे अशी पुस्तकं वाचायचं सॉफ्टवेअर आहे. त्यात आयडी न देताही कॉम्प्युटर अधिकृत करायची, म्हणजे त्याला पुस्तकं उघडायची परवानगी द्यायची सोय आहे. पण तशी उघडलेली पुस्तकं त्याच एका मशीनला बांधली जातात. ते मशीन बिघडलं की पुस्तकंही गेली. आठ-पंधरा दिवसांसाठी आणलेल्या पुस्तकाला हे चालेल, पैसे मोजून घेतलेल्याला नको.

पायरी २: मेल आधी ठरवा

सगळ्या खात्यांची किल्ली मेलमध्ये असते. पासवर्ड विसरलात तर नवा ठेवायची लिंक तिथेच येते. ज्याच्या हातात मेल, त्याच्या हातात पुस्तकं.

आमच्या शेजारच्या काकांना तालुक्याच्या एका मोबाइल दुकानात फोनबरोबर वाचायचं ॲपही "सेट करून" मिळालं. दोन वर्षांनी फोन विहिरीत पडला. नव्या फोनवर खातं उघडायला गेलो, तर लिंक जायची दुकानदाराच्या स्वतःच्या मेलवर. त्याने ग्राहकांसाठी एकच मेल वापरला होता, आणि दरम्यान दुकानही उठलं होतं. काकांनी घेतलेली चाळीसेक पुस्तकं अजून त्या खात्यात आहेत.

तेव्हा हे स्वतः करा:

१. पुस्तकं, खरेदी, वर्गणी अशा कामांसाठी एक वेगळा मेल उघडा. बँकेचा, आधारशी जोडलेला मेल इथे देऊ नका. दुकानाची यादी कधी फुटलीच तर बँकेचा पत्ता त्यात सापडणार नाही.

२. त्या मेलला पर्यायी मेल आणि नंबर लगेच जोडा. "नंतर करू" म्हटलेलं कुणी नंतर केलेलं मी पाहिलं नाही.

३. जन्मतारीख, पत्ता, लिंग यांतलं सक्तीचं नसेल ते रिकामं ठेवा.

"गूगलने साइन इन करा" हे बटण सोयीचं आहे, एक पासवर्ड कमी होतो. पण मग गूगलचं खातं अडकलं की पुस्तकंही अडकतात. गूगलला दोन कुलुपं (चौथी पायरी बघा) लावलेली असतील तरच ते बटण वापरा, असं माझं मत.

*सावधान:* मुलाचा, सुनेचा, जावयाचा मेल देऊ नका. भांडण होईल म्हणून नव्हे. तो माणूस दुबईत असतो आणि तुम्हाला ओटीपी पाच मिनिटांत हवा असतो.

पायरी ३: पासवर्ड

२०१३ साली ॲडोबीच्या ग्राहकांची यादी चोरीला गेली. ३ कोटी ८० लाख चालू खाती असल्याचं कंपनीने मान्य केलं. चोरीच्या त्या फाइलीत पासवर्ड कुलूपबंद होते, पण आठवणीसाठी लिहिलेले इशारे उघडे होते. शिवाय सारख्या पासवर्डचं कुलूपबंद रूपही सारखंच दिसत होतं. म्हणजे तुम्ही इशारा दिला नसला तरी तोच पासवर्ड ठेवणाऱ्या दुसऱ्या कुणी "कुत्र्याचं नाव मोती" असं लिहिलं असेल, तर तुमचंही कुलूप उघडलं.

यातून दोन गोष्टी घ्या. इशारा मागितला तर निरर्थक काहीतरी लिहा. आणि हा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. फुटलेल्या यादीतला पासवर्ड चोर मेलवर, बँकेवर, सगळीकडे लावून पाहतात.

पासवर्ड लांब हवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा: कोयती, पोस्टमन, निळा, तेरावा, ताक अशा जातीचे. हे पाच सोडून, अर्थात. हापूस आणि एक-दोन-तीन, गावाचं नाव आणि जन्मवर्ष, गणपतीबाप्पा मोरया हे चालणार नाही. कोकणातल्या माणसाचा पासवर्ड ओळखायला निघालेला कुणीही तिथूनच सुरुवात करील.

पंधरावीस खाती असतील तर पासवर्ड सांभाळणारं ॲप घ्या. बिटवॉर्डन मोफत मिळतं, कीपासएक्ससी इंटरनेटशिवाय तुमच्याच मशीनवर चालतं. दोनतीनच खाती असतील तर वही पुरे.

*तपासा:* आता बाहेर पडून त्या मेलमध्ये पुन्हा शिरून दाखवा, वहीत बघून. शिरता आलं नाही तर वहीत चुकीचं लिहिलंय. ते आजच कळलेलं बरं.

पायरी ४: दुसरं कुलूप

पासवर्डनंतर आणखी एक आकडा विचारणारं कुलूप मेलला लावायचंच, पुस्तकांच्या खात्यालाही लावायचं. आकडा दोन प्रकारे येतो: मेसेजने, किंवा फोनमधल्या ऑथेंटिकेटर ॲपवर.

मेसेज सोपा, पण रेंज लागते. बोटीवर भारतातला मेसेज पोचत नाही. बोटीवर चढणाऱ्या मुलांना मी हटकून सांगते, ऑथेंटिकेटर लावा. तो आकडा दर ३० सेकंदांनी फोनमध्येच तयार होतो, त्याला रेंज लागत नाही, इंटरनेटही नाही. एकच अट आहे, फोनचं घड्याळ बरोबर हवं. बोटीवर वेळ बदलते तेव्हा टाइम झोन बदला. काटे हाताने पुढेमागे केलेत तर फोनच्या लेखी खरी वेळच चुकते आणि आकडा नाकारला जातो. हे माहीत नसेल तर माणूस पासवर्डच चुकला समजून तो बदलायला जातो आणि जास्त गुंततो.

कुलूप लावताना राखीव आकडे मिळतात. गूगल असे १० आकडे देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते वहीत उतरवून घ्या. त्यांचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवणं म्हणजे घराची जादा किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेणं.

*सावधान:* फोन बदलताना जुना फोन पुसण्याआधी ऑथेंटिकेटर नव्यावर हलवा. आधी नवा चालतोय ते पाहा, मगच जुना पुसा.

पायरी ५: आता ॲप

ॲप प्ले स्टोअरवरून, ॲपलच्या स्टोअरवरून किंवा कंपनीच्या साइटवरूनच घ्या. नावाखाली बनवणाऱ्याचं नाव असतं, ते वाचा. व्हॉट्सॲपवर "पाच हजार मराठी पुस्तकं मोफत" अशा नावाने एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल फिरते, तिला हात लावू नका. अशी फाइल मेसेज वाचायची परवानगी मागते, आणि ती दिलीत की बँकेचा ओटीपीही तिला वाचता येतो.

ॲपने परवानगी मागितली की स्वतःला विचारा, वाचायला हे कशाला लागतं? संपर्क, ठिकाण, मेसेज, मायक्रोफोन, सगळ्याला नकार. फाइल उघडायला साठवणुकीची परवानगी लागू शकते, ती द्या. नाही म्हटल्यावर एखादी गोष्ट अडलीच तर तेवढीच परवानगी मागाहून देता येते.

पायरी ६: पहिलं पुस्तक उघडण्याआधी सेटिंग

ही पायरी लोक गाळतात, आणि अब्रूचा प्रश्न इथेच येतो.

वाचनाचं ॲप तुमच्याबद्दल पुष्कळ लिहून ठेवतं: कुठलं पुस्तक, कुठलं पान, किती वेळ, काय अधोरेखित केलं. एका मशीनवर सोडलेलं पान दुसऱ्यावर उघडायचं तर त्याला हे लागतंच. २०१४ मध्ये ॲडोबी डिजिटल एडिशन्सची चौथी आवृत्ती ही माहिती कंपनीकडे उघड्या अक्षरांत पाठवते असं आढळलं. वाटेत वायफायवर कान लावून बसलेल्या कुणालाही ती वाचता आली असती. बोभाटा झाल्यावर ४.०.१ मध्ये ती कुलूपबंद पाठवायला सुरुवात झाली. म्हणून जुनी आवृत्ती वापरू नका, अपडेट घेत राहा. पण कुलूपबंद झाली म्हणजे जायची थांबली असं नाही.

कंपनीपेक्षा मला काळजी घरातल्या टॅबची वाटते. एकच खातं चार जण वापरतात. तुम्ही रात्री मधुमेहावर, घटस्फोटाच्या कायद्यावर किंवा आणखी कशावर वाचलंत, की सकाळी पडवीत बसलेल्या नणंदेच्या टॅबवर तेच मुखपृष्ठ पहिलं दिसतं. एक बाई माझ्याकडे रडवेल्या होऊन आल्या होत्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला वेगळं खातं उघडायलाच सांगते. तुमची वही घरातल्यांच्या हाती पडू नये असं वाटत असेल, तर पासवर्ड सांभाळणारं ॲप घ्या आणि त्याचा एक पासवर्ड डोक्यात ठेवा.

आता सेटिंगमध्ये जा आणि हे बघा:

१. मशीनचं नाव. बहुतेकदा त्यात तुमचं नाव आपोआप येतं. बदलून "लाल फोन", "जुना टॅब" असं काही ठेवा. पुढे यादीतून एखादं काढायचं झालं तर ओळखताही येतं.

२. नोंदी आणि अधोरेखनं कुणाला दिसतात ते. त्यांचा बॅकअप बंद केला तर खुणा त्याच मशीनवर राहतात, आणि मशीन गेलं तर खुणाही जातात. काय हवं ते तुम्ही ठरवा.

३. वाचकांच्या समाजमाध्यमाशी खातं जोडायचा प्रश्न आला तर नाही म्हणा.

४. स्वतःच्या फाइली. यावर थोडं थांबते.

किंडलला एक मेल पत्ता मिळतो, त्यावर फाइल पाठवली की ती किंडलवर दिसते. अक्षर मोठं करून वाचता येतं म्हणून आमच्याकडच्या एका गृहस्थांनी सातबारा, बँकेचं पासबुक आणि मृत्युपत्राचा कच्चा खर्डा, तिन्ही पाठवले. त्या फाइली ॲमेझॉनच्या साठ्यात जाऊन बसल्या आणि त्या खात्याला जोडलेल्या प्रत्येक मशीनच्या यादीत दिसू लागल्या. मृत्युपत्र ज्यांच्याबद्दल होतं त्यांच्याही. गूगल प्ले बुक्सवर चढवलेल्या पीडीएफचंही तसंच, ती खात्यात राहते. खाजगी कागद मोठ्या अक्षरात वाचायचे तर साधा पीडीएफ वाचक वापरा. किंडलच्या सेटिंगमध्ये कुठल्या पत्त्यांवरून फाइल स्वीकारायची याची यादी असते. तीत तुमचा एकच पत्ता ठेवा, बाकी काढा.

*तपासा:* घरातलं दुसरं मशीन हातात घ्या आणि तुमचं काही दिसतंय का ते बघा.

पायरी ७: पैसे

कार्ड जतन करायचा प्रश्न आला की नाही म्हणा. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानाला तुमच्या कार्डाचा खरा आकडा ठेवता येत नाही, त्याऐवजी एक टोकन, म्हणजे बदली आकडा ठेवावा लागतो. आकडा त्यामुळे चोरीला जात नाही. पण तुमच्या खात्यात शिरलेल्या माणसाला जतन केलेल्या कार्डाने खरेदी करायची वाट मिळू शकते. नातवंडांच्या हातात टॅब जात असेल तर खरेदीला पिन लावा.

मासिक वर्गणी घेतलीत तर ती स्वतःहून कापली जाते. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. फक्त आधी सूचना येते, आणि ती आपण वाचत नाही. यूपीआय ॲपमधली ऑटोपेची यादी उघडून बघा. वाचनाचं ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणून वर्गणी थांबत नाही. ती वेगळी रद्द करावी लागते.

पायरी ८: परक्या मशीनवर, आणि मशीन विकताना

वाचनालयातल्या, सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर खातं उघडू नका. उघडावंच लागलं तर ब्राउझरच्या खाजगी (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडा, आणि ब्राउझर "पासवर्ड ठेवू का" विचारेल त्याला नाही म्हणा.

मशीन विकताना किंवा दुरुस्तीला देताना क्रम असा:

१. आधी मशीनचा अधिकार काढा. ॲडोबी डिजिटल एडिशन्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि डी ही तीन बटणं एकदम दाबली की ती खिडकी येते. किंडलमध्ये नोंदणी रद्द करायचा पर्याय आहे.

२. मग ॲपमधून बाहेर पडा.

३. मग फाइली पुसा.

४. सगळ्यात शेवटी मशीन फॅक्टरी रीसेट करा.

लोक चौथी गोष्ट पहिली करतात. ॲडोबीच्या एका आयडीवर सहा मशीनं चालतात. फॉरमॅट मारलेलं मशीन त्या सहांत मोजलंच जातं आणि मग ते काढायला कंपनीच्या मदत विभागाशी बोलावं लागतं. पावसाने तीन फोन खाल्लेल्या घरात सहा हा आकडा मोठा नाही.

पायरी ९: गडबड झालीच तर

२०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हची ३ कोटी १० लाख खाती फुटली. तिथून पुस्तकं वाचायला घेणारे आपल्याकडेही आहेत. हॅव आय बीन पोन्ड या साइटवर मेल पत्ता टाकला की तो अशा कुठल्या यादीत सापडला ते कळतं. तिथे फक्त पत्ता टाकायचा. पत्त्यासोबत पासवर्डही मागणारी साइट आली तर ती बंद करा.

"तुमचं पुस्तकांचं खाते आज बंद होणार" असा मेसेज आला तर त्यातली लिंक दाबू नका. ॲप उघडून तिथेच बघा. खरंच काही असेल तर तिथे दिसेल.

कुणी शिरलंय असं वाटलं तर घाई करा, पण याच क्रमाने: आधी मेलचा पासवर्ड बदला. मग मेलमधून सगळी मशीनं बाहेर काढा. मग मेलच्या सेटिंगमध्ये पर्यायी पत्ता तुमचाच आहे ना आणि कुणाला पत्रं आपोआप पुढे जाण्याची सोय लावलेली नाही ना, ते बघा. चोर ती लावून ठेवतो आणि पासवर्ड बदलल्यावरही तुमची पत्रं वाचत राहतो. पुस्तकांच्या खात्याचा पासवर्ड त्यानंतर. आधी पुस्तकांचं खातं बदललंत आणि मेल चोराच्याच हातात राहिला, तर तो पाच मिनिटांत परत येतो.

पैसे गेले असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी १९३० ला फोन लावा आणि बँकेला कळवा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर करता येते.

मग वही काढा. जुना पासवर्ड एका रेघेने खोडा, खाली नवा लिहा, तारीख टाका. वापरलेल्या राखीव आकड्यांवरही रेघ मारा. दोनतीनच उरले असतील तर नवे दहा मागवून घ्या.